वाचक विचारतात: ट्रंकेतली जलपरी आणि पोलंडचे बिल्ले

मागच्या अंकात एका पोलिश वैमानिकाच्या छातीवरच्या गरुडाचा फोटो छापला होता आणि खाली दोनच ओळी लिहिल्या होत्या, तर त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप येतील असं वाटलं नव्हतं. सातारा-सांगली म्हणजे घरटी एक फौजी असणारा पट्टा, त्यामुळे बिल्ला म्हटलं की प्रत्येकाच्या घरात एक ट्रंक आहे आणि ट्रंकेत काहीतरी आहे. तेव्हा यावेळचं पूर्ण सदर पोलंडच्या बिल्ल्यांनाच दिलंय. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, फक्त गाव.

प्रश्न : आमचे आजोबा मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेलेले. त्यांच्या लोखंडी ट्रंकेत लाल कापडावर पांढऱ्या धाग्यानं काढलेली एक बाई सापडली, कमरेखाली मासा, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात ढाल. आजी तिला देवी समजून ट्रंकेतच हळदकुंकू वाहायची. ही कुठली देवी? (विटा)

दादा, तुमचा फोटो बघून मी खुर्चीतून उठलोच. ही देवी नाही, पण आजींनी हळदकुंकू वाहिलं त्यात काही चुकलंय असं मला मुळीच वाटत नाही. ही वॉर्सॉ शहराची जलपरी, पोलिशमधे तिला सिरेन्का म्हणतात. शहराच्या राजचिन्हावर ती अशीच आहे, उजव्या हातात उगारलेली तलवार, डाव्या हातात ढाल. तिकडची गोष्ट अशी की विस्तुला नदीत ही कोळ्यांच्या जाळ्यात सापडली, त्यांनी तिला सोडून दिलं आणि तिनं शब्द दिला की तुमच्यावर वेळ आली तर मी धावून येईन. लाल जमिनीवर पांढरी सिरेन्का ही पोलंडच्या दुसऱ्या कोअरची खूण, म्हणजे जनरल आंदेर्स यांच्या हाताखालची फौज, जी 1944 आणि 45 ला इटलीत लढली.

आता ती तुमच्या आजोबांकडं कशी? इटलीत ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीमधे पोलिश पण होते आणि आपले पण होते. मे 1944 मधे मोंते कासिनोच्या, म्हणजे डोंगरावरच्या जुन्या मठाच्या ठाण्यावरच्या मोठ्या हल्ल्यात आपली 8 इंडियन डिव्हिजन खाली गारी नदी ओलांडत होती, त्या डिव्हिजनमधे मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती, आणि वर डोंगरावर पोलिश पोरं मठाकडं चढत होती. 18 मे ला पोलिश मठाच्या ढिगाऱ्यावर पोचले, झेंडा लावला आणि त्यांच्या एका बिगुलरनं तिथं क्राकोव शहराची जुनी धून वाजवली. पुढं 9 एप्रिल 1945 ला सेनियो नदीवर हल्ला झाला त्यातही एकीकडं पोलिश आणि एकीकडं आपली 8 डिव्हिजन, त्याच दिवशी नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना नदीपलीकडून पाठीवर आणलं, शत्रूच्या मशीनगनच्या चौक्या मोडल्या आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्यामुळे आपला जवान आणि पोलिश जवान कुठंतरी चहाला, सिगरेटीला, हॉस्पिटलात शेजारी आले असणार हे अगदी सरळ आहे, आणि सैनिक एकमेकांना देतो काय तर खांद्यावरची खूण. तुमच्याकडं शेजारीच दुसरा एक बिल्ला आहे ना, पांढऱ्या ढालीवर पिवळा क्रॉस? तो आठव्या आर्मीचा, तो आजोबांचा पण असू शकतो आणि त्या पोलिश जवानाचा पण, कारण पोलिशांनाही तो लावायचा मान मिळाला होता.

एक गोष्ट मात्र मनात ठेवून ही जलपरी बघा. ज्यांनी ही खूण लावली त्यातल्या बहुतेकांना 1939 नंतर रशियानं घरातून उचलून सैबेरिया, कझाकस्तानात नेलं होतं, तिथून सुटून इराण, इराक, पॅलेस्टाइन करत ते इटलीत आले. 1944 च्या ऑगस्टमधे खुद्द वॉर्सॉत उठाव झाला, 63 दिवस लोक लढले, जर्मनांनी शहर जमीनदोस्त केलं, आणि वॉर्सॉची खूण दंडावर लावलेली ही माणसं हजार मैलांवर इटलीत बसून रेडिओवर ऐकत होती. त्यांच्यातच एक क्रेसोवा डिव्हिजन होती, पाचवी. क्रेसी म्हणजे सरहद्दीचा मुलूख, तिची खूण तिथल्या जंगलातला रानगवा. 1945 च्या फेब्रुवारीत याल्टाला मोठ्या राष्ट्रांच्या बैठकीत तो मुलूखच रशियाच्या पदरात टाकला गेला आणि तरी एप्रिलमधे ती डिव्हिजन तोच गवा लावून लढत होती. गाव गेलं पण गव्याचा बिल्ला राहिला, मला तर हे वाचून अजून गलबलून येतं.

कापडाला जपा. धुवायचं नाही, इस्त्री नाही, टाचणी नाही. हळदकुंकू लागलंय ते पण काढू नका, तो आता त्याचा इतिहास आहे. सुती मलमलीच्या फडक्यात सैल गुंडाळा, डांबर गोळ्या त्याला चिकटून ठेवू नका, पावसाळा संपला की सावलीत वारं द्या म्हणजे कसर लागणार नाही.

प्रश्न : आमच्या पणजोबांचा मिरजेत धंदा होता, वळिवड्याच्या पोलिश छावणीत माल जायचा असं घरात सांगतात. त्यांच्या गल्ल्यात धातूचा एक क्रॉस आहे, त्यावर पानांची माळ आणि आडवी अक्षरं. आम्ही तो चर्चचा समजून एका ओळखीच्या ख्रिश्चन कुटुंबाला देणार होतो. देऊ का? (मिरज)

थांबा थांबा, देऊ नका! निदान आधी पुढचं वाचा. तुम्ही अक्षरं लिहून पाठवलीत, सी झेड यू डब्ल्यू ए जे, त्याचा उच्चार चूवाय असा काहीतरी, अर्थ सावध राहा, जागा राहा. हा चर्चचा क्रॉस नाही, पोलिश स्काउटांचा आहे. त्याचा आकार पोलंडच्या सगळ्यात मोठ्या शौर्यपदकावरून घेतलाय, विर्तुती मिलितारी नावाचं, 1792 पासूनचं. माळेची पानं भिंगातून बघा, एका बाजूला ओक आणि दुसऱ्या बाजूला लॉरेल दिसेल.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात 1943 ते 48 जवळपास पाच हजार पोलिश राहत होते, मुख्यतः बायका, मुलं आणि म्हातारी माणसं, कारण घरातले पुरुष आंदेर्सच्या फौजेत गेलेले, म्हणजे वरच्या विट्याच्या पत्रातली जलपरी लावणारेच. तिथं शाळा, चर्च, नाटक आणि स्काउट सगळं होतं. आपल्या सातारा जिल्ह्यातही, पाचगणीला, छातीनं अशक्त असलेल्या पोलिश मुलांना हवापालटाला ठेवत. म्हणजे बाप इटलीत, आई वळिवड्यात, पोरगं पाचगणीत, अशी घरं होती. तो क्रॉस शपथ घेतल्याशिवाय मिळत नसे, त्यामुळे तो उधारीपोटी आला असेल असं मला वाटत नाही, कुणीतरी जाताना आठवण म्हणून दिला असावा. ठेवा घरात. कोल्हापुरात महावीर उद्यानात या लोकांचं स्मारक आहे, एकदा पणजोबांचा फोटो घेऊन घरातल्या पोरांना तिकडं नेऊन आणा.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे, प्लास्टिक मॉडेल बनवतो. 303 स्क्वाड्रनचं बॅटल ऑफ ब्रिटनमधलं स्पिटफायर केलंय, नाकावर लाल पांढरा चौकोन पण लावला. ग्रुपवर सगळे म्हणतात चुकलंय, काय चुकलंय कोणी सांगत नाही. (सांगली)

मी सांगतो. पहिलं म्हणजे विमानच चुकलंय. 303 म्हणजे इंग्रजांच्या हवाई दलातली पोलिश स्क्वाड्रन, तिनं 1940 ची ती लढाई हरिकेन विमानांवर लढली, नॉर्थोल्टच्या तळावरून, स्पिटफायर त्यांना 1941 च्या सुरवातीला मिळाली. तेव्हा हे मॉडेल फेकू नको, 1942 चं कर. विमानावरची आरएफ अक्षरं बरोबर आहेत तुझी, ती 303 चीच.

दुसरं, चौकोन. याला शाखोव्हनित्सा म्हणतात, म्हणजे बुद्धिबळाचा पट. मुळात ती स्तेफान स्तेत्स नावाच्या वैमानिकाची स्वतःची खूण होती, ती आवडली आणि 1 डिसेंबर 1918 ला सगळ्या पोलिश हवाई दलाची झाली. चार घरं, दोन लाल दोन पांढरी, आणि प्रत्येक घराची किनार उलट्या रंगाची, लाल घराला पांढरी, पांढऱ्याला लाल. तुझ्या फोटोत डावीकडचं वरचं घर पांढरं आहे. आजच्या पोलिश विमानावर ते बरोबर, पण हा क्रम 1993 ला बदलला, युद्धाच्या काळात डावीकडं वर लाल होतं. म्हणजे तू 1942 च्या विमानाला 1993 नंतरचं चिन्ह चिकटवलंस. किटमधली चिन्हं चिकटवायची शीट अशी चुकीची येते बऱ्याचदा, भिंग घेऊन तपासून मगच पाण्यात भिजवायची. बाकी पंखांवर आणि अंगावर इंग्रजांचीच गोल चक्रं राहायची, पोलिश चौकोन इंजिनच्या झाकणावर, छोटासा.

आता जीव ओतून करायची गोष्ट म्हणजे बाजूचा स्क्वाड्रनचा बिल्ला, ज्याचा तू नुसता लाल ठिपका करून टाकलायस. तो बिल्ला म्हणजे एक पूर्ण इतिहास आहे रे! गोलाच्या आत लाल पांढऱ्या उभ्या पट्ट्या, कडेनं तेरा निळे तारे, मधे लाल रंगाची चार टोकांची टोपी आणि मागं फुलीसारखी दोन लांब पाती. पट्ट्या आणि तारे अमेरिकेचे, कारण 1919-20 ला पोलंड रशियाविरुद्ध लढत होतं तेव्हा मदतीला आलेल्या अमेरिकन वैमानिकांच्या तुकडीचा हा मूळ बिल्ला, आणि तो त्यांच्यातल्याच एलियट चेस नावाच्या पोरानं काढला. ती लोकं का आली तर तादेउश कोश्चुश्को नावाचा पोलिश माणूस दीडशे वर्षं आधी अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी लढला होता, ते देणं फेडायला. टोपी क्राकोवच्या शेतकऱ्याची. आणि ती पाती तलवारी नाहीत, गवत कापायची लांब पाती आहेत, काठीला सरळ उभी ठोकलेली. 4 एप्रिल 1794 ला रात्सवावित्से इथं कोश्चुश्कोनं शेतकऱ्यांना हीच पाती देऊन तोफांवर सोडलं आणि त्यांनी तोफा घेतल्या. आपल्याकडं नांगर सोडून आलेला मावळा ज्याला समजतो त्याला हा बिल्ला वेगळा समजावून सांगायला लागत नाही. 1940 ला हाच बिल्ला हरिकेनच्या अंगावर होता आणि 42 दिवसांत 126 विमानं या एका स्क्वाड्रनच्या खात्यावर मांडली गेली, नंतर कागदपत्रं तपासल्यावर आकडा खाली आला हे खरं, तरी त्या लढाईतल्या सगळ्यात भारी स्क्वाड्रनमधे त्यांचं नाव राहिलंच.

तर शून्य नंबरचा ब्रश घे, आधी पांढरा, मग लाल पट्ट्या, टोपी सगळ्यात शेवटी. जमलं की फोटो पाठव. आणि 1942 चंच करायचं तर यान झुंबाखचं आरएफ-डी कर, त्याच्या विमानावर बाजूला डोनाल्ड डक होता, पोरंटोरं पण खूष होतील.

प्रश्न : मुलगा शिकायला पोलंडला आहे. तिथल्या जुन्या बाजारातून टोपीवरचा गरुड आणला, पण पुस्तकात गरुडाला मुकुट आहे आणि याला नाही. विकणाऱ्यानं फसवलं का? (वाई)

नाही मावशी, फसवलेलं दिसत नाही. बिनमुकुटाचा गरुड कम्युनिस्ट काळातला. पोलंडचा पांढरा गरुड शेकडो वर्षं मुकुटवाला, 1919 च्या लष्करी बिल्ल्यातही मुकुट आणि पायाखाली ढाल. 1943 ला रशियात स्टालिनच्या छत्राखाली वेगळी पोलिश फौज उभी केली तेव्हा गरुडाचा मुकुट काढला, आणि तो गरुड इतका अवघडलेला दिसायचा की लोक त्याला कोंबडी म्हणायला लागले. पुढं चाळीसेक वर्षं मुकुट नव्हताच, तो परत आला 1989 संपता संपता, सत्ता बदलली तेव्हा. त्याच काळात लंडनला राहिलेले जुने सैनिक मात्र मुकुटवालाच लावत होते. म्हणजे एकाच देशाचे दोन गरुड, आणि टोपीकडं बघून कळायचं की हा माणूस कुठल्या बाजूचा. तुमच्या मुलाला सांगा आता एक मुकुटवाला पण आण आणि दोन्ही शेजारी ठेव.

प्रश्न : मी सुभेदार म्हणून रिटायर झालोय. पोलिश ऑफिसरच्या फोटोत खांद्यावर तीन तारे आहेत, खाली लेफ्टनंट लिहिलंय. तीन तारे म्हणजे कॅप्टन ना? आणि मागच्या अंकातल्या गरुडाला साखळी कशाला? (अपशिंगे)

साहेब, जय हिंद. आपल्याकडं तीन तारे कॅप्टन, बरोबर. आताच्या पोलिश सैन्यात मात्र सगळ्यात ज्युनिअर ऑफिसरलाच दोन तारे, लेफ्टनंटला तीन, कॅप्टनला चार. मेजरपासून वर दोन आडव्या पट्ट्या येतात आणि तारे परत एकापासून, मेजर एक, कर्नल तीन. जनरलला नागमोडी रुपेरी कशिदा, त्याला ते लाडानं साप म्हणतात.

साखळीवाला गरुड वैमानिकाचा, त्याचं लाडाचं नाव गापा. बहुतेक देशांच्या वैमानिकाच्या छातीवर दोन पसरलेले पंख सपाट शिवलेले असतात, आपल्याही. पोलिशांचा मात्र अख्खा चांदीचा गरुड, चोचीत पानांची माळ, आणि सोबत साखळी, त्यामुळे माणूस चालला की तो हलतो, जिवंत वाटतो. लंडनला त्यांचं सिकोर्स्की म्युझियम आहे, कुणी पोरं तिकडं असतील तर त्यांना सांगा बघून यायला. त्यांच्या पॅराशूटवाल्यांचा गरुड अजून वेगळा, तो खाली झेपावणारा, आणि पाठीवर दोन शब्द कोरलेले, मातृभूमी तुझ्यासाठी. युद्धात उडी मारलेल्याच्या गरुडाच्या पंजात सोन्याची माळ. आपली 2 पॅरा मुळात मराठ्यांचीच पलटण, त्यामुळे हे तुम्हाला आवडेल म्हणून मुद्दाम लिहिलं.

प्रश्न : माझ्याकडं दोन पोलिश बिल्ले आहेत, काळे पडलेत. घासून चमकवले तर किती येतील? (इस्लामपूर)

किंमत मी कुणालाच सांगत नाही, पण घासू नका हे हात जोडून सांगतो. आपल्या फौजी घरात ब्रासो हा देव्हाऱ्यातल्या वातीइतका जवळचा, मला ठाऊक आहे. मी स्वतः सातवीत असताना चुलत आजोबांच्या टोपीवरचा बिगुलाचा बिल्ला उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज ब्रासो लावून घासला, त्यांना खूष करायला. शाळा सुरू होईपर्यंत दोरीचे पीळ आणि खालची अक्षरं पार गुळगुळीत झाली. आजोबा काही बोलले नाहीत, नुसते अंगठा फिरवत बसले त्याच्यावर. ते मला आजही दिसतं.

तो काळेपणा म्हणजे धातूची कातडी आहे, राहू द्या. त्यापेक्षा बिल्ला उलटा करा. आपल्या इकडच्या जुन्या बिल्ल्याला मागं दोन कड्या आणि त्यात पितळी पिन असते. पोलिश बिल्ल्याला बहुतेक वेळा मधे एक स्क्रू आणि त्यावर गोल चकती फिरवून बसवायची, कपड्याला भोक पाडून. त्या चकतीवर किंवा मागच्या बाजूला बनवणाऱ्याचं नाव असतं, इटलीत केलेल्यावर लोरिओली मिलान असं, इंग्लंडच्यावर गाँट लंडन असं. बऱ्याच बिल्ल्यांवर नंबर पण असतो. मोंते कासिनोच्या क्रॉसवर तर प्रत्येकावर वेगळा नंबर, असे पन्नास हजारांच्या आसपास केले आणि कुठला नंबर कुणाला दिला त्याची नोंद आहे, म्हणजे नंबरवरून माणूस सापडतो. नक्कल ओळखायची तर कडा बघा, ओतीव नकलेत कडेला शिवण दिसते आणि अक्षरांचे कोपरे मऊ असतात, ठोकलेल्या अस्सल बिल्ल्यात कोपरे नखाला लागतात. आणि विकायच्या आधी तो नंबर कुठंतरी लिहून ठेवा, एवढं कराच.

प्रश्न : अस्वल खरंच सैनिक होतं का? बाबा म्हणतात थाप आहे. (कराड, इयत्ता सहावी)

बाबांना सांग थाप नाही! त्याचं नाव वोयटेक. 1942 ला इराणात पोलिश सैनिकांनी एका पोराकडून अस्वलाचं पिल्लू घेतलं, आई मेलेली होती त्याची. ते त्यांच्यातच वाढलं, कुस्ती खेळायचं. 1944 ला फौज जहाजानं इटलीला निघाली तेव्हा जहाजावर प्राणी चालत नव्हते, म्हणून त्याचं नाव चक्क सैनिक म्हणून कागदावर चढवलं, 22 व्या तोफगोळे पुरवणाऱ्या कंपनीत. मोंते कासिनोला माणसं गोळ्यांच्या पेट्या उचलताना बघून त्यानंही उचलल्या असं बरोबरचे सैनिक सांगायचे. मग कंपनीनं स्वतःची खूणच बदलली, हातात तोफेचा गोळा धरून चाललेलं अस्वल, ट्रकवर, गणवेशावर सगळीकडं तेच. युद्धानंतर तो एडिंबराच्या प्राणिसंग्रहालयात राहिला, डिसेंबर 1963 मधे गेला. जुने सैनिक भेटायला यायचे आणि पोलिशमधे हाक मारायचे तेव्हा तो मान वर करून बघायचा. चित्र काढून पाठव, गोळा दोन्ही हातात धरलेला काढ, आपण छापू.

पुढच्या वेळी फोटो पाठवताना सगळ्यांनी तीन गोष्टी करा : बिल्ल्याच्या पुढचा आणि मागचा असे दोन्ही फोटो, शेजारी एक रुपयाचं नाणं म्हणजे माप कळतं, आणि तो कुणाचा होता, कुठल्या डब्यात कशाबरोबर सापडला ते चार ओळीत. विट्याच्या दादांनी ट्रंकेतली खाकी पिशवी उलटी करून बघावी, पत्रात लिहिलंय की अस्तराच्या आत अजून काहीतरी कडक लागतंय. शिवण ब्लेडनं नाही, सुईनं एकेक टाका उसवून काढा आणि मला लगेच कळवा.